दोन रातींचं जहाज

जगातल्या प्रत्येक गोष्टीला पिकायला किती दिवस लागतात हे माझ्या साडूंना ठाऊक आहे, आणि कुणी विचारो न विचारो, ते सांगतात. सौंदडजवळच्या त्यांच्या गावात धानाशिवाय बोलण्यासारखं पीक नाही आणि धानाला दिवसांशिवाय दुसरी ओळख नाही. लवकर येतो तो हलका, त्याच्या मागून येतो तो मध्यम, आणि थंडी पडेपर्यंत उभा राहतो तो भारी. तलावाचं पाणी किती दिवस पुरेल याचा अंदाज घ्यायचा आणि त्या हिशेबानं वाण ठरवायचा, एवढं एकच शास्त्र ते शिकले. तो तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधला, आणि ते त्याच्याबद्दल असं बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, काल संध्याकाळीच हात धुऊन घरी आले. मग याच शास्त्रानं त्यांनी माणसं, ढोरं, सरकारी योजना आणि घरी आलेले पाहुणे अशा सगळ्यांचा निकाल लावला. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा थोरले जावई म्हणून ते ओसरीवर बसले होते. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि माझ्यादेखत सासऱ्यांना सांगितलं, "भारी वाण हाय. उशिरा निसवन, पण निसवन." लोंबी बाहेर यायची माझी बायको गेली सव्वीस वर्षं वाट पाहते आहे, आणि तसं अधूनमधून बोलूनही दाखवते.

कुठलीही नवी गोष्ट एका लहान बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, करून पाहिल्याशिवाय सगळ्या शेतात करायची नाही, हा त्यांचा दुसरा नियम. नवी चप्पल आणली की पहिले आठ दिवस ती फक्त अंगणात चालते. घरात पंखा आला तेव्हा उन्हाळाभर तो दुपारी एकच तास फिरला, कारण त्याचा स्वभाव अजून कळायचा होता. मुलीसाठी स्थळ आलं, मुलगा शिकलेला, शहरातला. यांनी त्याला रोवण्याच्या दिवसांत घरी बोलावलं आणि चार दिवस चिखलात उभं केलं. "बैठकीत सारेच शहाणे असतात, साडूभाऊ. चिखलात माणूस समजते," असं ते मला म्हणाले. तो मुलगा टिकला आणि आज त्यांचा जावई आहे, पण पाऊस सुरू झाला की सासुरवाडीला यायचं टाळतो.

अशा या माणसाची एका गोष्टीत गणना चुकली, आणि ती चूक त्यांना फार लागली. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आम्ही तिला ताई म्हणतो. ताईनं निवडलेल्या तांदळात खडा सापडणं ही त्या घरात न घडलेली गोष्ट होती. तो सापडू लागला. वय झालं असेल असं मनाशी धरून साडू खडा दाताखाली आला की हळूच काढून सदऱ्याच्या खिशात टाकत, तिला दिसू नये म्हणून. बरेच महिने असं चाललं. मग एक दिवस त्यांनी ताईला तांदूळ निवडताना नीट पाहिलं. सुपाच्या मधले खडे ती अचूक उचलत होती. कडेचे तसेच राहत होते. त्यानंतर नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा काचबिंदू आहे, नजर कडेकडून आत आटत येते, जी गेली ती परत येत नाही, आणि उरलेली औषधानं किती दिवस टिकेल ते कुणी सांगू शकत नाही. दिवस सांगता येत नाहीत असं म्हणणारा माणूस साडूंना आयुष्यात प्रथमच भेटला. परतीच्या गाडीत ते माझ्याशेजारी बसले होते. तिरोडा आला तसे ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "खडे सांगून राहिले होते, साडूभाऊ. मी खिशात टाकत बसलो."

मग त्याच गाडीत त्यांनी ताईला विचारलं की तुला काय पाहायचं आहे. ताईनं आयुष्यात कशाची मागणी केल्याचं कुणाला आठवत नाही. वाढताना पातेल्याच्या तळाशी जे उरेल ते आपलं, असा तिचा हिशेब. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पानी पाहीन. ज्याची पल्याडची पार दिसत नाई असं." जन्मभर तिनं तलाव पाहिले, आणि तलाव कितीही मोठा असला तरी पलीकडे त्याची पाळ, ज्याला ही माणसं पार म्हणतात, ती दिसतेच. साडूंनी यावर दोन दिवस विचार केला आणि असा निष्कर्ष काढला की समुद्राच्या काठावर उभं राहून चालणार नाही, कारण आपण ज्या पारीवर उभे आहोत ती तर दिसणारच. एकही पार नको असेल तर मधोमधच गेलं पाहिजे. म्हणून जहाज.

मी गोंदियाला रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीवर बसतो. जहाजालाही तिकीट असतं, म्हणजे ते खातं माझंच, अशी साडूंची समजूत. एक दिवस ते रीतसर रांगेत उभे राहिले, अर्ध्या तासानं नंबर लागला, आणि खिडकीत तोंड घालून म्हणाले, "जहाज किती रातीचं घ्याव?" मागच्या माणसानं "चाचा, गाड़ी का नंबर बोलो" म्हटलं, तर त्यालाही त्यांनी वळून शांतपणे विचारलं, की तुझी बायको पहिल्यांदा समुद्रावर जाईल तेव्हा तू किती दिवसांचं घेशील. माणूस बिचारा रायपूरचं तिकीट काढायला आला होता. संध्याकाळी घरी बसून मी मोबाइलवर शोधून दाखवलं. मुंबईहून निघणारी जहाजं होती, दोन रात्रींचं, तीन रात्रींचं आणि पाच रात्रींचं. साडूंचा चेहरा उजळला. त्यांच्या दृष्टीनं हे हलका, मध्यम आणि भारी असं सरळ होतं.

पण सरळ काहीच नव्हतं. पहिली अडचण, ताईला पाण्यावर सोसेल का. त्यासाठी लहान बांधी म्हणून गावचा तलाव होताच. मासे धरणाऱ्याचा डोंगा ठरवला, ताईला मधे बसवलं, साडू स्वतः घड्याळ घेऊन समोर बसले आणि तिला कधी मळमळतं याची वाट पाहू लागले. मी पारीवर उभा होतो. पाव तासात साडूंचा रंग पिवळा पडला, आणि नंतर जे व्हायचं ते झालं. ताई मात्र हात पाण्यात सोडून बसली होती. डोंगा काठाला लागल्यावर साडू रांगत उतरले. ताई उतरली नाही. ती डोंगेवाल्याला म्हणाली, "अजून एक चक्कर मार ना, बाबू." हे 'अजून' तिच्या तोंडून आम्ही दोघांनीही पहिल्यांदाच ऐकलं. साडू पारीवर आडवे पडले होते. तसेच पडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दुसरी अडचण खोलीची. जहाजावरची खोली लहान असते असं मी वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी तिची लांबीरुंदी लिहून घेतली आणि शाळेच्या मैदानावर मारतात तशी फक्की मारून अंगणात ती खोली आखली. आत बाज टाकली. तीन दुपारी नवराबायको त्या चौकोनात बसून राहिले. ताईला बाहेर जायचं असेल तर तिनं जिथे दार आखलं होतं तिथूनच जायचं. शेजारीण ताक मागायला आली आणि भिंतीतून सरळ आत शिरली, याचा त्यांना खरोखर राग आला. ताईनं हे सगळं का चालवून घेतलं असं मी एकदा तिला विचारलं. ती म्हणाली, "एवढ्या वर्सांत दुपारी माह्याजवळ कव्हा बसले ते?"

सगळ्या चाचण्या झाल्या तरी निकाल लागेना. महिना गेला. मला आता चीड येऊ लागली होती, कारण डोळे काही यांच्या चाचण्यांसाठी थांबणार नव्हते. मी सौंदडला उतरून तडक त्यांच्या घरी गेलो आणि विचारलं की अडलंय कुठे. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. धान कापायच्या वेळी बांधीत थोडी ओल राहिली पाहिजे, हा तिकडचा जुना रिवाज. उभ्या धानातच लाखोरी या कडधान्याचं बी फेकून ठेवतात, धान निघून गेला की त्या उरलेल्या ओलीवर ती वर येते. म्हणून शहाणा माणूस सगळं पाणी एकाच पिकाला पाजत नाही. त्या न्यायानं पहिल्या खेपेला दोनच रात्री. मन भरायच्या आत उतरायचं, म्हणजे पुढच्या खेपेची गोडी राहते. "पण पुढची खेप हाय का?" साडू म्हणाले. "तवर हिले दिसन का? दुसरा पेराच नसन, त ओल कोनासाठी ठेवू? मंग भारीच घ्याव, साऱ्या पाच राती, जेवढं पाहाचं तेवढं हिले एकदाच पाहू द्याव. आन पाच राती हिच्यानं नाई झाल्या, त सारंच गेलं." त्यांचा हात सदऱ्याच्या खिशात होता.

मी म्हटलं, "भाऊजी, ताईला विचारलं का?"

"तिले कायले विचारू? ते म्हनन, तुमचं तुमी पाहा."

ताई चार हातांवर सूप घेऊन बसली होती आणि तिला सगळं ऐकू जात होतं. नजर अधू झाली होती, कान नव्हेत. तांदूळ पाखडता पाखडता ती म्हणाली, "दोन रातीचं घ्या."

साडू तिच्याकडे वळले. "काऊन?"

"तुमीच त म्हनता ना, ओल राहू द्याव."

मग ते वाक्य बाहेर पडलं, जे त्या घरात नागपूरहून आल्यापासून ताईच्या तोंडावर कुणी उच्चारलं नव्हतं. "पन पुढच्या खेपेले तुले नाई दिसलं त?"

ताईनं सूप खाली ठेवलं. कडेनं बोटं फिरवून एक खडा शोधून काढला आणि बाजूला टाकला. "मले नाई दिसलं त तुमाले दिसन," ती म्हणाली. "तुमी सांगा."

मी दोघांनाही इतकी वर्षं ओळखतो, पण त्या क्षणी तिथे बसायला मला संकोच वाटला. चहाचं निमित्त करून मी आत गेलो. चहा कुणी टाकलाच नव्हता.

ती दोघं दोन रात्रींच्या जहाजावर जाऊन आली. परत आल्यावर मी साडूंना विचारलं, काय पाहिलं. ते म्हणाले, "पानी होतं." एवढ्यावर त्यांचं प्रवासवर्णन संपलं. बाकीचं ताईनं सांगितलं, आणि ती दीड तास बोलत होती. साडू पहिल्या संध्याकाळपासून खोलीत आडवे होते, ती खोली अंगणातल्यापेक्षा चार बोटं लहान निघाली याची तक्रार मात्र त्यांनी पडल्या पडल्या केली. शेवटच्या दुपारी ते कठडा धरून वर आले. ताई तिथे उभी राहून मान अगदी हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे नेत होती. तिला आता असंच पाहावं लागतं, थोडं थोडं, शेतातलं तण काढावं तसं. "तुमाले पार दिसते का कोठी?" तिनं विचारलं. साडूंनी सगळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाई." ताई म्हणाली, "मले बी नाई." हे सांगताना ती हसली. नागपूरच्या दवाखान्यानंतर दोघांना सारखंच दिसल्याची ती पहिलीच वेळ होती, असं तिनं मला समजावून सांगितलं.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. सुपाच्या मधले खडेही हल्ली ताई बोटांनीच शोधते. दिवस मावळायच्या आधी साडू तिला हाताला धरून तलावाच्या पारीवर नेतात आणि समोर काय आहे ते सांगतात. सांगण्याची ही लहान बांधी. मागच्या महिन्यात मी मागे बसून ऐकत होतो. "बगळा हाय," साडू म्हणाले. "कसा हाय?" "पांढरा." "अवो, बगळा पांढराच असते. काय करून राहिला?" साडू बराच वेळ बगळ्याकडे पाहत राहिले. सगळ्या आयुष्यात त्यांनी बगळ्याला इतका वेळ दिला नसावा. "उभा हाय एका पायावर," ते शेवटी म्हणाले. "लग्नात मानपान चुकल्यावर तुह्या बापानं मांडवात पाठ फिरवली होती, तसा." ताई इतकी हसली की बगळा उडाला, आणि तो कुठे गेला तेही साडूंना सांगावं लागलं.

परवा ते पुन्हा माझ्या खिडकीवर आले. रांगेतूनच आले, नेहमीसारखे. म्हणाले, "साडूभाऊ, जहाज पाहून ठेवा. पाच रातीचं."

डोंग्यात बसले तरी पाव तासात पिवळा पडणारा हा माणूस. मी म्हटलं, "भाऊजी, पाच रात्री तुम्हाला सोसेल का? आणि मागे तर दोनच घेतलं होतं."

"तव्हा पाहाचं होतं," ते म्हणाले. "पाहाले दोन राती पुरल्या. सांगाले पाच लागतीन."

मागचा माणूस "चाचा, जल्दी करो" म्हणाला. मी त्याला जरा थांबायला सांगितलं.