सारूला पाठवलेला निरोप

माझ्या आईने एका अनोळखी बाईच्या फोटोशी वीस मिनिटं गप्पा मारल्या, आणि दोघींची ओळख मीच करून दिली होती.

आई मूळची उरणजवळच्या मोऱ्याची. तिथे शेजारी सारू राहायची, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. दोघी बारा वर्षांच्या असताना सारूचं कुटुंब इस्रायलला गेलं. मग पत्र नाही, काही नाही. आता आई उलव्यात माझ्याकडे सहाव्या मजल्यावर असते, आणि पोहे केले की म्हणते, "सारूच्या आयचा ग्वाड पोह्यांचा मलिदा याच्याहून भारी." (बायकोचा चेहरा मी सांगत नाही.)

पनवेलजवळ त्या समाजाचं दोन खोल्यांचं म्युझियम आहे असं कळलं, म्हणून तिला घेऊन गेलो. दाराच्या चौकटीवर एक लांबट तिरकी डबी होती. ती बेल समजून मी तीनदा दाबली. आतून एक वयस्कर बाई आल्या.

"अहो, त्यात प्रार्थना असते. दार उघडंच आहे."

आत शुक्रवारी संध्याकाळी लावायचे शब्बाथचे दिवे होते, लग्नातली साडी होती, मराठीतली प्रार्थनेची पुस्तकं होती. झालेली शोभा भरून काढायला मी घाईघाईने फोटो शोधू लागलो. चष्मा गाडीत होता.

"आई, ही बघ. सारा, उरण."

आई काचेला नाक लावून उभी राहिली.

"सारू, कशी हायस गो?"

मग तिने सगळं सांगितलं. स्वतःचं लग्न, बाबांचं जाणं, गुडघे, मोऱ्याची बुजवलेली विहीर. मी मागे डोळे पुसत होतो.

"त्या माझ्या सासूबाई," त्या बाई हळूच म्हणाल्या. "रेबेका. चौलच्या."

मी चष्म्याशिवाय वाचलेलं एक अक्षर जुळत नव्हतं.

"असूंदे," आई म्हणाली. "कोनाला तरी सांगायचं व्हतं."

त्या बाईंनी माझा नंबर घेतला आणि नातेवाइकांत चौकशी केली. पंधरा दिवसांनी माझ्या व्हॉट्सॲपवर एक रेकॉर्ड केलेला निरोप आला. "शेवंते, मी सारू. हितं आपलं बोलाया कोन नाय गो. मी एकटीच बोलते."

आईने तो दिवसभर ऐकला. संध्याकाळी उत्तर बोलली, मी रेकॉर्ड केलं. "तुज्यानंतर मैतरीन केली नाय. येकदा ये. माजा पोरगा हाय, गुनी हाय, पन येक सांगावं तर दुसरंच करतंय."

भरल्या डोळ्यांनी मी ते पाठवलं, सोसायटीच्या ग्रुपवर.

सारूला नंतर पाठवलंच. पण पहिलं उत्तर आलं ते आमच्या सेक्रेटरींचं: "आजी, सोसायटीचाही हाच अनुभव आहे."