दाराबाहेरचा भाऊ

आमच्या घराला लढायांचं भारी कौतुक. जबलपुरात किती पिढ्या गेल्या असं कुणी विचारलं की बाबा छाती पुढे काढून सांगतात, "आम्ही नागपूरकरांच्या फौजेतून आलो." स्वतः बाबांनी तोफांच्या कारखान्यात जन्मभर कारकुनी केली आणि दिवाळीत फुलबाजीसुद्धा कधी हातात धरली नाही. पण ती एक लढाई सांगायला लागले की जणू कालच घोड्यावरून उतरलेत.

लढाई भावाभावांची होती. नागपूरच्या गादीसाठी दोन भाऊ एकमेकांवर उठले आणि सगळी फौज मधोमध फाटली. आमचा मूळपुरुष एकाकडे पथक घेऊन गेला, त्याचा धाकटा भाऊ दुसऱ्याकडे. दुपारपर्यंत धाकट्याच्या बाजूचं पारडं जड होतं. मग त्यांचा धनी जिंकण्याच्या भरात हत्ती पुढे घालत आला, एक गोळी लागली आणि तो अंबारीतच कोसळला. धनी पडला म्हटल्यावर सैन्य कशाला उभं राहतं? वाट फुटेल तिकडे पळत सुटलं. राज्य कुणाचं, हे घटकाभरात ठरलं.

इथवर बाबा रंगात असायचे. पुढचं मात्र खालच्या आवाजात सांगायचे. पळणाऱ्यांचा पाठलाग करा असा हुकूम सुटला. आमचा मूळपुरुष पथक घेऊन निघाला तेव्हा वाटेत धाकटा पडलेला दिसला. जिवंत होता, पाणी मागत होता. ह्यानं पाहिलं, ओळखलं, आणि घोडं थांबवलं नाही. संध्याकाळी परत आला तेव्हा ती जागाही सापडली नाही.

खरं-खोटं देव जाणे. मी शाळेत इतिहास शिकवते. पोरांना सरदारांची नावं पाठ करायला लावते, आणि पाणी मागणारा त्या धड्यात कधीच नसतो. पण आमच्या घरात त्याच्या नावानं एक रीत चालत आली. पितृपक्षातली चतुर्दशी शस्त्रानं मेलेल्यांची. त्या दिवशी आमच्याकडे श्राद्धाला दोन पानं वेगळी वाढतात. घरातला धाकटा भाऊ दाराबाहेर जाऊन उभा राहतो. थोरला आतून विचारतो, "आलास का?" बाहेरचा म्हणतो, "आलो." मग दोघं शेजारी बसतात, आणि थोरला आधी धाकट्याच्या पेल्यात पाणी ओततो. त्याशिवाय घरात कुणी घास घ्यायचा नाही.

माझ्या लहानपणी बाहेर काका उभा असायचा. काका रेल्वेत गार्ड. तो मुद्दाम उशिरा "आलो" म्हणायचा, आम्ही भुकेनं कळवळायचो आणि बाबा आतून ओरडायचे, "अरे, येऊन राहिला का नाही?" एरवी काका माझ्याशी गाडीगाडी खेळायचा. नियम सोपा होता. त्याचा हात वर, म्हणजे थांब. हात खाली, म्हणजे ये.

मग आजी गेली, ऐन मे महिन्यात. काका मालगाडीवर होता आणि गाडी कुठेतरी आडरानात अडकली होती. निघालोय, थांबा, असा त्याचा निरोप आला होता. पण जमलेली मोठी माणसं घाई करायला लागली. ऊन फार आहे, किती वेळ ठेवायचं. बाबा म्हणाले, "चला." काका पांढऱ्या गणवेशात तसाच ग्वारीघाटावर पोचला तेव्हा चिता अर्धी जळून गेली होती. त्यानं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "दादा, कुणाचा हुकूम होता?"

त्यानंतर वीस वर्षं काका आमच्या दाराबाहेर उभा राहिला नाही. तो सराफ्यामागे राहायचा, आम्ही नेपियर टाउनात. रिक्षानं दहा मिनिटं. बाबा दर चतुर्दशीला दोन पानं वाढायचे, रिकाम्या दाराला "आलास का?" विचारायचे, आणि मग जेवायला बसायचे. शेजारच्या पेल्यात पाणी ओतायचे नाहीत. तिकडे काकाही तितकाच हट्टी. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशी दोघांची गत. मला दोघांचाही संताप यायचा.

गेल्या वर्षी काकाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी जाऊन यायचे आणि घरी सांगायचे. बाबा पेपरातून डोकं वर न काढता ऐकायचे. चतुर्दशीला पानं वाढली तेव्हा मी बोलले, "बाबा, आता त्यानं यायचं म्हटलं तरी तो येऊ शकत नाही. आलो म्हणूही शकत नाही. तुम्ही कुणाला हाक मारून राहिलात?"

बाबा उठले. धाकट्याचं पान झाकून घेतलं आणि म्हणाले, "चल."

काकाच्या दाराशी ते थबकले. समोरच्याच खोलीत काकाची खाट होती. तो बाबांकडे एकटक बघत होता. काकू धावत आली. "अहो भाऊजी, या न आत. असे काहून उभे?"

"आज मी बाहेरचा," बाबा म्हणाले. "त्यानं बोलवायला पाहिजे."

काकानं डावा हात उचलला. मला वाटलं बोलावतोय. पण तळवा आमच्याकडे होता आणि हात वरच राहिला. थांब.

बाबा थांबले. काकूनं स्टूल आणलं, ते बसले नाहीत. पंचाहत्तरी उलटलेला माणूस, हातात झाकलेलं पान. काकू रडकुंडीला आली. "चलो, झालं न आता. या आत." बाबा म्हणाले, "हुकूम नाही अजून." मला काकाचा राग आला, आणि त्याच वेळी वाटलं, ह्यानं घाटावर जे भोगलं ते ह्यांना उभ्या जन्मात एकदा तरी कळू दे. किती वेळ गेला कोण जाणे. काकाचे डोळे मिटले, मान कलली, आणि मग हात हळूच घसरून चादरीवर आला. त्याला झोप लागली होती. बाबांनी पान उंबरठ्याच्या आत ठेवलं आणि मागे वळले.

रिक्षात त्यांनी विचारलं, "मला शेवटी नीट दिसलं नाही. झोपला होता, का हात खाली घेतला त्यानं?"

त्यांचा चेहरा मला बघवला नाही. मी म्हटलं, "खाली घेतला, बाबा."

ते खूश होतील असं मला वाटलं होतं. पण ते म्हणाले, "म्हणजे त्यानं बोलावलं. आणि मी गेलो नाही." आत्ताच परत जाऊ म्हणाले. मी म्हटलं, दमलात, उद्या जाऊ.

सकाळी काकूचा फोन आला. काका पहाटे गेला होता.

मी अजून त्यांना खरं सांगितलेलं नाही. खरं सांगावं तर भावानं त्यांना शेवटपर्यंत आत घेतलं नाही. खोटं तसंच ठेवावं तर भावानं बोलावलं आणि हे पुन्हा चुकले. माझ्या एका शब्दानं मी त्यांना कुठल्या फेऱ्यात अडकवून ठेवलंय, ते मलाच ठाऊक.

यंदाच्या चतुर्दशीला बाबांनी दोन पानं वाढली. दोन्ही पेले पाण्यानं भरले आणि आपण होऊन दाराबाहेर जाऊन उभे राहिले. आत मी एकटी. अन्न निवत चाललं. शेवटी मीच धीर करून विचारलं, "आलात का, बाबा?"

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "तू नको बोलवू," म्हणाले.