क्लनच्या किल्ल्यावरचा कावळा

मंडळी, आज आमच्या ह्यांचं वर्षश्राद्ध. वेल्सच्या सीमेवरचे पडके किल्ले ह्यांना फार आवडत. आजारपणात लडलो आणि गुडरिच हे दोन किल्ले बघायचे राहून गेले.

म्हणून लेकीबरोबर त्यांच्या लाडक्या क्लनच्या किल्ल्यावर गेले. पडक्या भिंतीवर त्यांच्यासाठी पुरणपोळीचा घास ठेवला. कावळा आला, पण घासाला शिवेना. नुसता माझ्याकडे बघत बसला.

लेक कुजबुजली, "आई, बाबांना काहीतरी कबूल कर ना."

"शिकलीसवरलेली ना तू?"

कावळा जागचा हलेना. शेवटी मीच म्हणाले, "बरं. राहिलेले दोन्ही किल्ले मी बघून येईन."

त्याने घास उचलला.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण आत्ता हॅरोला घरी पोचलेय आणि कुंपणावर कावळा बसलाय. आधी लडलोला जाऊ की गुडरिचला?