शिंप्याच्या छातीचं माप

चौकातला शिंपी हाताचा पक्का, तोंडाचा फाटका. टेप गळ्यात, खडू कानावर आणि गिऱ्हाइकाचं माप ओरडून सांगायची खोड. कुणाची कंबर वाढली की अख्ख्या चौकाला कळायचं. शाळेतले जाडे मास्तर तर त्याचा रोजचा खुराक.

"मास्तर, शर्ट शिवू की ब्लाउज? आणि पोट बघा हो! कितवा महिना?"

बाकावरची माणसं खिदळायची. मास्तर कानापर्यंत लाल व्हायचे, निमूट जायचे. पुढल्या खेपेला परत तिथंच, कारण पँटची बसणी दुसऱ्या कुणाला तशी जमत नव्हती.

शिंप्याची तिशी नुकतीच उलटली होती. बायको शेजारी बसून काजं करायची, बटणं लावायची. अशात त्याचीच छाती भरायला लागली. दोन्हीकडून, हात लागला की ठणकणारी. जातीचा शिंपीच तो, त्यानं शर्टाची शिवण उसवली. आत जास्तीचं कापड सोडलेलं असतं, त्याला माया म्हणतात. ती सोडून शर्ट ढिला केला. माया संपली तेव्हा नवा शर्ट कापला. मापाच्या वहीत स्वतःचं नाव कसं घालणार? 'परगावचा पाहुणा' लिहून महिन्याच्या महिन्याला तारखेसकट आकडे मांडत गेला. छाती छत्तीस, साडेसदतीस, एकोणचाळीस. कंबर मात्र बत्तिसावरून एकोणतीस.

"अहो, दाखवा की डॉक्टरांना."

"काय सांगू? दूध कधी येईल ते विचारू?"

आठव्या महिन्यात इस्त्री करताना ढास लागली आणि गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडावर रक्त उडालं. तेव्हा कुठं गडी दवाखान्यात गेला.

डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडावर धरला. बटणांचा डबा सांडावा तसे दोन्ही फुप्फुसांत गोल पांढरे ठिपके, लहानमोठे. मग स्कॅन केला, तर एकेका ठिपक्याभोवती धुरकट कडं.

"कडं म्हणजे पाझरलेलं रक्त," बाई म्हणाल्या. "पण हे इथलं नाही, खालून आलंय. पँट काढा."

सोनोग्राफीत उजव्या गोळीत वाटाण्याएवढी गाठ दिसली, मध्ये रक्त साकळलेली. हाताला लागतही नव्हती.

"एवढीशी? आणि वर हा पसारा?"

"हा कॅन्सर क्वचित होतो. गोळीतले बाकीचे कॅन्सर बहुधा आधी पोटातल्या लसिकाग्रंथींत थांबतात, मग वर चढतात. हा थेट रक्तात शिरतो. फुप्फुस, लिव्हर, मेंदू. जाईल तिथं रक्त सांडतो. गरोदर बाईच्या रक्तात असतं ते हार्मोन तुमच्या रक्तात बेसुमार झालंय, छाती त्यानंच भरली. कधीपासून आहे?"

"झाला असेल महिना."

नवरा खोटं बोलणार हे बायकोला ठाऊक होतं. तिनं पिशवीतून वही काढली आणि परगावच्या पाहुण्याचं पान उघडून समोर ठेवलं. त्या शर्टांची बटणं तिनंच लावली होती. बाईंनी पहिल्या तारखेवर बोट ठेवलं.

"तेव्हा आला असतात तर वाचायची आशा बरीच होती. आता औषध चालू करू, पण भरवसा देत नाही."

सलाइन लागलं. दुसऱ्या दिवशी मास्तर भेटायला आले.

"या मास्तर. विचारा, कितवा महिना. खरंच दिवस गेलेत मला."

मास्तर हसले नाहीत. स्टूल ओढून बसले. "मला ठाऊक होतं. गेल्या पँटच्या वेळी टेप लावायला वाकलास तेव्हा दिसली छाती. घरी जाऊन पोट धरून हसलो."

"सांगायचं तरी."

"सांगणारच होतो. म्हटलं, आधी भोगू दे जरा."

बायको पायथ्याशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

तिसऱ्या दिवशी शिंप्याचं डोकं फुटायला आलं आणि जीभ जड झाली. स्कॅनमध्ये मेंदूत कोटाच्या बटणाएवढा पांढरा गोळा, भोवती सगळं रक्त. संध्याकाळच्या आत संपला. शेवटी त्याला एक शब्द धड फुटला नाही.

महिन्यानं बायकोनं दुकान उघडलं. मास्तर कापड घेऊन दारात आले, मान खाली.

"पँट शिवायची होती. तुम्ही शिवाल का, वहिनी?"

"शिवते की. उभे राहा, मास्तर."

बाकावर चारपाच माणसं होती. तिनं टेप कमरेभोवती फिरवला, आवळला आणि चौकाकडे तोंड करून ओरडली,

"चव्वेचाळीस!"