माप बोलायचं नसतं

माझी धाकटी जाऊ बायकांचे कपडे शिवायची. लोक तिला मागून 'कुलूप' म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं. ती म्हणायची, "म्हणू देत. निदान गंजलेलं तरी म्हणत नाहीत."

दुसरीकडे माप घेताना कसं ओरडतात, तुम्ही ऐकलं असेल. छाती अडतीस, कंबर चौतीस! बाकावर बसलेल्या चारजणी मनातल्या मनात आकडे टिपून घेतात. आमच्या कुलपाकडे तसं नव्हतं. ती बाईला पडद्याआड न्यायची, कागदाची लांब पट्टी अंगाभोवती धरायची आणि जिथे माप संपेल तिथे कात्रीने बारीक खाच पाडायची. पट्टीवर ना नाव, ना आकडा. वरच्या टोकाला त्या बाईच्या पहिल्या कपड्याची चिंधी टाचलेली. कोणती चिंधी कुणाची, ते एक तिला ठाऊक आणि एक अल्लाहला.

मी एकदा म्हटलं, "वही घाल की एखादी. चौथीपर्यंतचे आकडे मला येतात."

"म्हणूनच घालत नाही, भाभी."

मी दुपारी तिच्याकडे काजं-बटणं करायला बसायची. हात चालायचा, त्याच्या दुप्पट तोंड चालायचं.

एक दिवस बेकरीवाल्यांची सून आली. बारीकशी पोर, लग्नाला तीन वर्षं झालेली. तेवढ्यात दोनदा दिवस गेले होते आणि दोन्हीदा राहिलं नाही. दोन्ही वेळा बातमी दुसऱ्याच महिन्यात गल्लीभर झाली, कारण तिची सासू आनंदाच्या भरात पावाबरोबर ती प्रत्येकीच्या पिशवीत घालायची. मग पोटातलं गेलं, की मुबारक म्हणायला आलेल्या त्याच बायका हाय-हाय करायला यायच्या. दुसऱ्या खेपेला तर ती पोर दाराला कडी लावून महिनाभर बसली होती.

तिने तीन ड्रेस पुढे ठेवले. "खाला, आतली माया उसवून जरा ढिले करून द्या," म्हणाली आणि लगेच मागे दाराकडे पाहिलं. शिवणीच्या आत जादा कापड राखतात, त्याला आम्ही माया म्हणतो. जावेने ड्रेस घेतले, "शुक्रवारी ने," म्हणाली. ना हसली, ना डोळे मोठे केले. मी मात्र काय ते समजले आणि सुई बोटात टोचून घेतली.

बुधवारी सासू उशांचे अभ्रे शिवायला घेऊन आली. जाऊ आतल्या खोलीत दुपारची नमाज पढत होती. बाहेर मी एकटी. सांगितलं नाही हो मी काही. एवढंच म्हटलं, "तुमच्या सुनेचे ड्रेस झालेत बघा. चांगले ऐसपैस केलेत."

"ऐसपैस?" तिचे अभ्रे हातातच राहिले. "म्हणजे? कितवा लागलाय?"

तेवढ्यात जाऊ बाहेर आली. "सलाम, आपा. बसा."

"बसते कसली! किती ढिले केलेस ते सांग आधी. एक बोट की चार बोटं? मी सासू आहे तिची. माझ्यापासून काय लपवायचं?"

मला वाटलं, आता ही काहीतरी थाप मारेल. धुऊन आटले होते म्हणेल. पण खोटं तिला चालायचं नाही, आणि जमायचंही नाही, कान लाल व्हायचे.

"आपा, बारा वर्षं तुमचे कपडे मीच शिवते ना?"

"हो, मग?"

"कसे शिवते, ते कधी कुणाच्या तोंडून ऐकलंत?"

बेकरीवालीने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग खाली.

"तुमची पट्टी ज्या कपाटात आहे, त्याच कपाटात तिचीही आहे," जाऊ म्हणाली. इतक्या मायेने म्हणाली, की धमकी वाटावी असं त्यात काही नव्हतं. बाई अभ्रे ठेवून निघून गेली.

आता ही घरी जाऊन सुनेला खोदणार, संध्याकाळी गल्ली मुबारक म्हणणार, आणि ती पोर पुन्हा कडी लावून बसणार. आणि सगळं माझ्या तोंडामुळे.

जाऊ रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. मशीनवर बसता बसता म्हणाली, "भाभी, त्या दिवशी ड्रेसचं बोलल्यावर ती पोर मागे वळली होती. पाहिलंत ना?"

"पाहिलं."

"नबींनी सांगितलंय, कुणी गोष्ट सांगून इकडेतिकडे पाहू लागला, की ती गोष्ट ऐकणाऱ्याकडे अमानत झाली, जपायची ठेव. 'कुणाला सांगू नका' असं वेगळं म्हणावं लागत नाही."

"पण चांगलीच बातमी होती ना ती?"

"चांगली बातमीही तिचीच. सांगायची हौस तिला नसेल का?"

मी पुढची काजं घेतली.

गुरुवारी बेकरीवाली पुन्हा आली. हातात मऊ सुती कापड. "सुनेला एक ड्रेस शीव. ढिला. किती ढिला, ते मी विचारत नाही." पैसे ठेवले, दाराशी थांबली, रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आणि मी कापड आणलं, हेही राहू दे इथेच."

त्या खेपेला मी दात आवळून धरले. घरच्यांनी विचारलंसुद्धा, दाढ दुखते का म्हणून.

पाचव्या महिन्यात सुनेने सासूला आपल्या तोंडाने सांगितलं. सासूने असं काही आश्चर्य केलं म्हणे, की हातातला ट्रे पडला. मुलगी झाली. तिच्या पहिल्या झबल्याची पट्टी माझ्या वितीएवढी होती. तिला चिंधी टाचली त्याच मऊ कापडाची.

आता बेकरीवाली नाही, जाऊही नाही. हे लिहायला मी त्या सुनेची परवानगी काढली आहे. तिच्या मुलीने तिला वाचून दाखवलं, मग ती हो म्हणाली. बेकरीवालीच्या कपड्यांत काय होतं, ते मला आजपर्यंत ठाऊक नाही.

जावेने जाण्याआधी सांगून ठेवलं होतं, "पट्ट्या जाळून टाका, भाभी. तुम्हीच जाळा." मी जाळल्या. खरं सांगते, आधी एकेक उलटून पाहिली. सगळ्या खाचा आणि चिंध्या. चौथीपर्यंतचे आकडे काही कामाला आले नाहीत.