सलाइन तपासणारी प्रमिला

प्रमिलाला सगळे भित्री म्हणायचे, आणि ती होतीच. गॅस बंद केला का हे बघायला बसस्टॉपवरून माघारी यायची. सासूबाई म्हणायच्या, "हिच्या भीतीला पेन्शन मिळत असती तर आपण बंगला बांधला असता." पण १९९४ साली कुकटपल्लीत सलाइनच्या बाटल्या भरणारा नवा कारखाना निघाला, तेव्हा बीएस्सी झालेल्या या बाईला तपासणीवर घेतलं ते त्या भीतीपायीच.

एका आठवड्यात मोठी ऑर्डर होती. भरणीचा प्रमुख कुलदीप तिच्या मागेच लागला. "सही करा ना ताई, लॅबचा रिपोर्ट येतोच की. पाणी साफ, बाटली साफ, और क्या होना?" तिनं बाटली उजेडात धरली. कचरा दिसला नाही, म्हणून सही केली. आयुष्यात एकदाच घाई केली बाईनं, तीही नेमकी तेव्हा.

दुसऱ्या दिवशी दुपारी टाकीमागे तिला मिठाचं वजन करून बांधलेलं पाकीट दिसलं. सील जसंच्या तसं, आणि वर कालच्याच बॅचचा नंबर. म्हणजे कालच्या टाकीत मीठ पडलंच नव्हतं?

तिनं बोटाला सुई टोचली. रक्ताचा एक थेंब जुन्या, चांगल्या बॅचचं सलाइन घेतलेल्या काचेच्या नळीत टाकला, एक कालच्या बाटलीतल्या पाण्यात, आणि मागे वर्तमानपत्र धरलं. पहिल्या नळीत गढूळ लाल, काही वाचता येईना. दुसरीही लालच, पण आरपार; तिच्यातून बातमी स्वच्छ वाचता येत होती. कॉलेजात शिकलेलं सगळं आठवलं तिला. पेशीचं आवरण पाण्याला आत घेतं, मिठाला सहजासहजी घेत नाही. बाहेर रक्ताइतकंच मीठ असलं की तोल राहतो. नुसतं पाणी असलं तर पेशी भिजवलेल्या हरभऱ्यासारखी फुगते, आणि शेवटी फुटते; मग गढूळपणा उरत नाही. हे शिरेत गेलं तर माणसाच्या अंगात तेच होणार.

माल गोदामातच होता, फक्त एक खोकं सकाळी सुलतान बाजारच्या एका नर्सिंग होममध्ये गेलं होतं. फोन सारखा एंगेज. ती गेटकडे धावली तर कुलदीप आडवा आला.

"बाटल्या वाटेत बदलल्या म्हणा," तो हळूच म्हणाला. "सही तुमची आहे, ताई. नोकरी जाईल, केस होईल."

त्याला बाजूला सारून तिनं रिक्षा पकडली. मुलांची फी, घराचं भाडं, पोलीस, सगळं डोळ्यांपुढे नाचत होतं, आणि खरं सांगायचं तर कुलदीपचं वाक्य तिनं दोनदा मनात म्हणूनही पाहिलं.

नर्सिंग होममध्ये जुलाबांनी गळून गेलेल्या सत्यवतीबाईंना त्याच बॅचची बाटली लावली होती, अर्धी संपलेली. प्रमिलानं नर्सला न विचारता नळीची चकती फिरवून थेंब थांबवले. नर्स ओरडली, डॉक्टर आले. "यात मीठच नाही," एवढंच तिला बोलता आलं. डॉक्टरांनी दुसरी बाटली लावायला सांगितली, लघवी तपासायला घेतली. फुटलेल्या पेशींमुळे ती कोऱ्या चहासारखी काळपट झाली होती. किडनी वाचेल का, ते आज सांगता येणार नाही, म्हणाले.

सत्यवतीबाईंनी प्रमिलाचा हात घट्ट धरला होता. "देवासारखी धावून आलीस गं पोरी."

"ही बॅच पास कुणी केली?" डॉक्टरांनी विचारलं.

प्रमिलानं खाली बघितलं.

"मी केली. रिपोर्ट न बघता."

सत्यवतीबाईंनी तिचा हात सोडला.