ह्वांगच्या सिनेमातले चेहरे

कोल्हापूरच्या स्टेशनवर अण्णांनी माझी ट्रंक डब्यात सरकवली आणि एवढंच म्हणाले, "परमुलखात कुणाच्या भानगडीत पडू नको बाबा." अण्णा म्हणजे माझे वडील, स्टुडिओत रंगभूषा करायचे. मी तिथल्याच लॅबमध्ये फिल्म धुवायचो आणि तेच काम नीट शिकायला म्युनिकला निघालो होतो. आई पदराआड रडत होती. मला मात्र कधी एकदा गाडी हलते असं झालं होतं. भीती म्हणजे काय, ते तेव्हा ठाऊकच नव्हतं.

ती कळली ह्वांगमुळे. ह्वांग कोरियाचा. सिनेमा स्वतःच लिहायचा, स्वतःच काढायचा आणि पोटासाठी हॉटेलात भांडी घासायचा. मी नोकरीला होतो त्या लॅबमध्ये तो रिळं धुवायला आणायचा. दोघेही परके, दोघांचंही जर्मन मोडकं, दोघांनाही भातावाचून चैन नाही. मैत्री व्हायला आणखी काय लागतं? त्याचा पहिला मोठा सिनेमा जर्मनीतल्या कोळशाच्या खाणीत उतरणाऱ्या कोरियन मजुरांवर होता. नट कुणीच नव्हते. मजूर कॅमेऱ्याकडे बघून मनातलं बोलत होते, मायदेशातल्या लष्करी सरकारबद्दलसुद्धा. त्याची धाकटी बहीण सुनजा इथे नर्स होती. तीही बोलली होती, अगदी न घाबरता.

मग त्याच्या देशाची माणसं जर्मनीतून नाहीशी व्हायला लागली. सकाळी कामावर गेलेला माणूस परतायचा नाही, आणि पुढे कळायचं की तो तिकडच्या तुरुंगात आहे. अशातच एका शुक्रवारी ह्वांगला निरोप आला की सोमवारी कोरियन वकिलातीतले दोघे सिनेमा पाहायला येणार.

शनिवारी लॅब बंद असायची, पण किल्ली माझ्याकडे होती. सगळे चेहरे काढून टाक, ह्वांगने सांगितलं, आवाजसुद्धा. निगेटिव्ह एकदा कापली की कापली. हे काम आम्ही पांढरे हातमोजे घालून, श्वास रोखून करतो. त्या दुपारी मी मोजे तीनदा बदलले. जिन्यात पाऊल वाजलं की मी दिवा मालवायचो. माझा आउफएन्टहाल्ट, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, त्या नोकरीवरच टिकून होता, आणि अण्णांचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. कापलेला एकेक तुकडा मी ब्लीचच्या बादलीत सोडत होतो. त्यात चित्र विरघळतं आणि कोरी पट्टी उरते.

सुनजाचा तुकडा मी बाजूला ठेवला होता. एवढा राहू दे, मी लपवतो, असं म्हणालो.

"आधी तोच टाक," ह्वांग म्हणाला.

सोमवारी त्या दोघांनी हात, पाठी, बूट आणि दिवे पाहिले. कुणाचंच तोंड कसं दिसत नाही, असं एकाने विचारलं. ही नवी शैली आहे, ह्वांगने सांगितलं. ते निघून गेले, आणि मी दाराला आतून कडी घातली.

पुढे समीक्षकांनी ती शैली डोक्यावर घेतली. चेहरा न दाखवणारा दिग्दर्शक म्हणून ह्वांगचं नाव झालं. मग पैसे देणारेही तेच मागू लागले, आणि त्याच्या दुसऱ्या पटकथा पडून राहिल्या. सुनजा आजारी आईला भेटायला मायदेशी गेली. विमानातून उतरली एवढं कळलं, त्यानंतर काही नाही. घरातले फोटो ह्वांगने त्या भीतीच्या दिवसांतच जाळून टाकले होते.

परवा तो जेवायला आला होता. आमटीभात खाऊन झाल्यावर सवयीने ताटं घासायला उठला.

"तू तिला इतकं जवळून पाहिलंस," तो म्हणाला. "तिच्या कुठल्या गालाला खळी पडायची रे?"

मी डाव्या म्हणालो. पण मी पाहिलं होतं ते निगेटिव्हवर. पट्टी उलटी धरली असेल तर डावं ते उजवं होतं. हे त्यालाही ठाऊक होतं.

तुम्ही संपादक मंडळी पत्रातून विचारता, आता घर कुठलं वाटतं. जिथे आपला चेहरा कुणी विसरत नाही ते घर, असं मी एके काळी बेधडक लिहिलं असतं. आता लिहायचा धीर होत नाही. खळीचं विचारणारा तिचा सख्खा भाऊ होता.